ओक न लागलेली वाइन आणि आपलं माशाचं ताट: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

नारळी पौर्णिमा झाली की दादरच्या मार्केटात ताजे बोंबील दिसायला लागतात आणि आमच्याकडे त्या पहिल्या रविवारी बोंबील फ्राय होतोच होतो. दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका रविवारी आत्या जेवायला होती आणि मी तिच्यापुढे दोन ग्लास ठेवले, एकात ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शार्डोने, दुसऱ्यात स्टीलच्या टाकीत बनलेली साधी नाशिकची सोविन्यॉन ब्लाँ, दोन्ही पांढऱ्या वाइन, नावं द्राक्षांच्या जातींची. आत्याने आधी शार्डोने घेतली, बोंबलाचा तुकडा मोडला, परत एक घोट घेतला आणि म्हणाली, "वाईट नाहीये रे, पण हे एकीकडे आणि बोंबील एकीकडे." मग दुसरा ग्लास उचलला तो शेवटपर्यंत खाली ठेवलाच नाही. जेवणं झाल्यावर ताटं उचलताना बघतो तर तिच्या ताटात लिंबाची फोड तशीच होती, न पिळलेली. आत्या आणि माशावर लिंबू नाही असं मी आयुष्यात कधी बघितलेलं नाही!

तेव्हापासून मी नव्याने वाइन घेणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो की ओक न लागलेली वाइन म्हणजे ताटातली लिंबाची फोड समजा. लिंबू कुठे पिळायचं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही ना, मग ही वाइन कशाबरोबर घ्यायची हेही तुम्हाला अर्धं आधीच येतं. उरलेलं अर्धं खाली लिहितोय.

आधी ओक म्हणजे काय भानगड आहे ते

द्राक्षाचा रस आंबवला की वाइन होते, तो कशात आंबवला आणि नंतर कशात ठेवला यावर बराच फरक पडतो. ओक हे लाकूड, त्याची पिंपं करतात, फ्रान्समधल्या बोर्दोचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं. पिंप बनवताना आतून जाळावर भाजतात. त्यात वाइन काही महिने राहिली की लाकडातनं चवी उतरतात, व्हॅनिला, धूर, भाजलेला पाव, थोडा नारळासारखा वास, आणि लवंग. लवंगेचा वास तर खरोखरचाच, कारण लवंगेत जे युजेनॉल असतं तेच भाजलेल्या ओकमध्येही असतं. शिवाय लाकडातनं हवा अगदी हळूहळू आत झिरपते त्यामुळे वाइन मऊ होते, आणि थोडा तुरटपणाही लाकडातनं येतो.

अनओक्ड म्हणजे यातलं काहीच नाही. वाइन स्टीलच्या टाकीत, सिमेंटच्या टाकीत किंवा मातीच्या भांड्यात बनते. जॉर्जिया देशात तर मातीचे मोठमोठे रांजण जमिनीत पुरून त्यात वाइन करतात, क्वेव्ह्री म्हणतात त्याला, आणि २०१३ मध्ये युनेस्कोने ती पद्धत आपल्या वारशाच्या यादीत घेतली. पण आपल्याकडे दुकानात मिळणारी अनओक्ड वाइन म्हणजे जवळजवळ नेहमी स्टीलचीच. टाकीला बाहेरून थंडावा देता येतो, रस कमी तापमानाला सावकाश आंबतो आणि द्राक्षाचा स्वतःचा वास उडून न जाता वाइनमध्ये राहतो. म्हणून त्यात लिंबू, हिरवं सफरचंद, पेरू, कैरी, ओलं गवत असलं काहीतरी येतं.

एक गोष्ट मात्र मनातनं काढून टाका, की ओक म्हणजे भारी आणि ओक नाही म्हणजे स्वस्तातली. पिंपं महाग असतात म्हणून ओकवाली बाटली महाग होते हे खरं, पण लाकूड नसलं की लपवायला काही उरत नाही, द्राक्ष खराब असेल तर पहिल्या घोटात कळतं. फ्रान्समधली शाब्ली बघा, शार्डोने द्राक्षाचीच आणि तिथली बरीचशी वाइन स्टीलमध्येच होते, तिला कोणी हलकी म्हणत नाही.

दुकानात गेल्यावर

महाराष्ट्रात परमिट लागतं, एका दिवसाचं, वर्षाचं किंवा आजीवन, एका दिवसाचं दुकानातच करून देतात, ओळखपत्र जवळ ठेवा. आणि २ ऑक्टोबरसारखा ड्राय डे आदल्या दिवशीच बघून ठेवा, पाहुणे घरी आणि दुकानाला शटर असं व्हायला नको.

आपल्या देशी बाटल्यांवर "अनओक्ड" असं क्वचितच लिहिलेलं असतं, त्यामुळे मागचं लेबल वाचायचं. बॅरल, ओक, व्हॅनिला, टोस्ट, स्मोक यातला एक जरी शब्द दिसला तरी ती आपली नाही. लिंबू, पेरू, हिरवं सफरचंद, गवत असं काही असेल आणि बॅरलचं नावच नसेल तर बहुतेक आपलीच. "रिझर्व्ह" लिहिलं असेल तर विचारून घ्या, बऱ्याचदा त्याला ओक लागलेला असतो, नेहमीच असं नाही. द्राक्षावरनंही अंदाज येतो. सोविन्यॉन ब्लाँ, शेनिन ब्लाँ, रिझलिंग, पिनो ग्रिजिओ या बहुतेक वेळा बिनओकच्याच असतात, शार्डोने दोन्ही प्रकारची येते म्हणून तिथे नक्की विचारायचं.

पहिल्या खरेदीला मी दोनच सुचवीन, एक नाशिकची सोविन्यॉन ब्लाँ आणि एक नाशिकचीच शेनिन ब्लाँ. नाशिकच्या सुला वायनरीने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली तेव्हा याच दोन आणल्या होत्या, आणि आजही मुंबईत जवळपास कुठल्याही बऱ्या दुकानात त्या मिळतात. सोविन्यॉन कोरडी, म्हणजे गोडवा नाही, आणि शेनिन किंचित गोडसर. या दोघींतला फरक जिभेला कळला की पुढचं जेवणाचं सगळं गणित सोपं जातं. परदेशी बाटल्यांचं नंतर बघू, आयात करामुळे त्या उगाच महाग पडतात आणि शिकायच्या काळात तेवढे पैसे घालायची काही गरज नाही.

साल बघा, हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि अशी वाइन त्याच वर्षी बाजारातही येते. ती ताजीच प्यायची असते, एक-दोन वर्षांत, ठेवून ठेवून ती सुधारत नाही. स्क्रू कॅप असेल तर उत्तमच, तिला कमी समजू नका, ताजेपणा टिकवायला तेच झाकण बरं.

आणि बाटली कुठे ठेवलेली आहे तेही बघा. मी एकदा उपनगरातल्या एका दुकानातनं शोकेसमधली बाटली उचलली होती, छान दिसत होती, दुपारचं ऊन थेट तिच्यावर पडत होतं हे तेव्हा मला सुचलंच नाही. घरी उघडली तर लिंबाचा, पेरूचा पत्ताच नाही, शिळ्या सफरचंदासारखा, शिजवल्यासारखा वास, रंगही पिवळट तपकिरी. बदलूनही मिळाली नाही. मुंबईच्या उकाड्यात हे सहज होतं, ओकवाली जाड वाइन थोडं सहन करते, ही करत नाही. तेव्हा फ्रिजमधली किंवा आतल्या थंड खोलीतली मागा, "दादा, आतली द्या" एवढं म्हटलं की देतात.

थंड किती करायची

८ ते १० अंश. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांवर असतो, म्हणजे फ्रिजमधनं काढून दहा मिनिटं बाहेर ठेवली की बरोबर जागेवर येते, फार गार असेल तर वासच येत नाही. पाहुणे दारात आणि बाटली गरम असं झालं तर पातेल्यात बर्फ, त्यात पाणी आणि मूठभर मीठ घाला आणि बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटांत होते. नुसता बर्फ टाकू नका, बर्फाचे खडे बाटलीला नीट चिकटत नाहीत, पाणी सगळीकडनं लागतं म्हणून पाणी हवंच. ग्लासात बर्फ तर अजिबात नको. ग्लास अर्ध्याच्याही खाली भरा, मे महिन्यात पंख्याखाली पंधरा मिनिटांत वाइन कोमट होते, थोडी थोडी ओतलेली बरी. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास होतात.

ताटाकडे वळू

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण परदेशी पुस्तकी यादी घेऊन बसलं की आपल्या जेवणाचं काही जमत नाही, आणि मग लोक म्हणतात की वाइन आपल्या जेवणाला चालतच नाही. चालते. फक्त लिंबाने विचार करा.

तळलेला किंवा तव्यावरचा मासा हे पहिलं. बोंबील, पापलेट, सुरमई, वरून रवा किंवा तांदळाच्या पिठाचा कुरकुरीत थर. तेल आणि पीठ जिभेवर बसतं, कोरडी सोविन्यॉन ते धुऊन काढते आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखाच लागतो. हेच काम लिंबू करतं. ओकवाली शार्डोने तिथे व्हॅनिला आणि लोण्याचा वास घेऊन येते, एका तेलकटावर दुसरं मऊ, आत्याला "एकीकडे" वाटलं ते यामुळे.

कोथिंबीर वडी आणि सोविन्यॉन ब्लाँ ही माझी सगळ्यात आवडती जोडी, माशाच्याही वर. सोविन्यॉनमध्ये जो हिरवा वास असतो तो पायराझिन नावाच्या द्रव्यांमुळे, ढोबळी मिरचीतही तीच असतात. त्यामुळे कोथिंबीर, हिरवी मिरची, हिरवी चटणी, पातीचा कांदा असं हिरवं काहीही असलं की ही वाइन ओळखीचं माणूस भेटल्यासारखी वागते. एक वडी, एक घोट, करून बघाच. वडी गरम हवी आणि तीळ सढळ हाताने.

आता तिखट. इथे बहुतेक जण फसतात. मिरचीची आग अल्कोहोलने वाढते, तुरटपणानेही वाढते, त्यामुळे मालवणी मसाल्याच्या कालवणाबरोबर जाड ओकवाली लाल वाइन घेतली की तोंड पेटतं आणि दोष वाइनला जातो. तिखटाला थोडा गोडवा आणि भरपूर गारवा लागतो, म्हणजे आपली शेनिन ब्लाँ. कोळंबीचं कालवण, ओल्या नारळाचं वाटण, भात आणि गार शेनिन, नारळाचा गोडवा आणि वाइनचा गोडवा जुळतो आणि आंबटपणा मागनं येऊन तोंड स्वच्छ करतो. कोणी म्हणेल की ओकमध्येही नारळासारखा वास असतो मग तीच का नको, मी करून बघितलंय, नारळावर व्हॅनिला बसला की कालवण जड आणि पायसासारखं लागायला लागतं.

आंबटाचा एक नियम लक्षात ठेवा, ताटातलं जेवण वाइनपेक्षा जास्त आंबट असेल तर वाइन पाणचट लागते. म्हणून सोलकढी आणि वाइन एका वेळी नको, सोलकढी जेवणाच्या शेवटी घ्या, तिचा मान तिथेच आहे. चिंच-कोकमाचं आंबट कालवण असेल तर कडक आंबट वाइन हवी, सोविन्यॉन किंवा कोरडी रिझलिंग.

बांगड्याबरोबर लाल वाइन घेऊन तोंडात लोखंडासारखी चव आली असेल तर ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत, माशाचं तेल आणि लाल वाइन यांचं तसं होतं. तिरफळ घातलेल्या बांगड्याला मी कोरडी रोझे देतो, गुलाबी वाइन, ती बहुतेक बिनओकचीच असते.

तळणाला बुडबुडे. बटाटेवडा, साबुदाणा वडा, पावसातली कांदाभजी यांच्याबरोबर ब्रूट लिहिलेली स्पार्कलिंग घ्या, ब्रूट म्हणजे जवळजवळ साखर नसलेली. अळूवडीत चिंच-गूळ असतो म्हणून तिथे परत शेनिन. साधा वरणभात, वर तूप आणि लिंबू, याच्याबरोबर कोरडी पांढरी वाइन घेऊन बघा, लोक हसतात पण तूप आणि आंबट यांचं जमणारच ना.

मटण सुकं किंवा कोंबडी-वडे असतील आणि लालच हवी असेल तर हलकी, ओक नसलेली लाल शोधा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा. फ्रान्सची बोजोले अशीच असते, गामे नावाच्या द्राक्षाची. तिथे द्राक्षं न ठेचता अख्खे घड टाकीत कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवतात, रस द्राक्षाच्या आतल्या आतच आंबायला लागतो, म्हणून तुरटपणा कमी आणि फळाचा वास जास्त. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी तिची त्याच वर्षीची नवी वाइन बाहेर पडते.

मिसळीबरोबर माझं अजून काही जमलेलं नाही, तिथे ताकच. आणि पुरणपोळी, श्रीखंडाबरोबर कोरडी वाइन उघडू नका, गोडापुढे ती नुसती आंबट लागते.

थोडी सवय झाली की

मग परदेशी बाटली घ्यायला हरकत नाही, पण ताट बघून घ्या. तिसऱ्यांचं सुकं करणार असाल तर शाब्ली, तिथल्या मातीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या बारीक कालवांचे शिंपले दगड होऊन पडलेत, शिंपल्यांच्या जमिनीवरची वाइन शिंपल्यांबरोबर हे मला फार आवडतं, चव मातीतनं थेट येते असा माझा दावा नाही. स्पेनच्या उत्तर-पश्चिम किनाऱ्यावरची अल्बारीन्यो ही कोळ्यांच्या गावांतली वाइन, तिला किंचित खारटपणा असतो, कोळंबी आणि खेकड्याला अप्रतिम. फ्रान्सची मस्कादे यीस्टच्या गाळावर ठेवून मुरवतात, त्यामुळे लाकूड न लावताही तिला पावासारखा भरीव वास येतो. पोर्तुगालची व्हिन्यो व्हेर्द कमी अल्कोहोलची, जिभेवर हलकी चुरचुरणारी, एप्रिल-मेच्या दुपारी याहून चांगलं मला तरी काही माहीत नाही. यातलं एक एकच आणा, चारही एकदम नको.

एकदा नाशिकला जाऊन या

फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना. मुंबईहून सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने बरेच जण जातात तसं रेल्वेनेच जा, टेस्टिंग करून गाडी चालवत घाट उतरायचा नाही, हे मी फार मनापासून सांगतोय. वायनरीत गेलात की टाक्यांची खोली दाखवा म्हणा. बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि आत शिरलं की अंगावर काटा येतो, उंचच्या उंच स्टीलच्या टाक्या, खालच्या अर्ध्या भागावर दव साचलेलं, तिथे हात ठेवला तर बर्फासारखं गार, वीतभर वर हात नेला तर नुसतंच स्टील. जिथपर्यंत गारवा फिरवलाय तिथपर्यंतच दवाची सरळ रेघ असते. आणि हवेत आंबणाऱ्या रसाचा वास, पेरू कापल्यासारखा. मग शेजारच्या पिंपांच्या खोलीत जा, तिथे लाकडाचा, व्हॅनिलाचा वास. दोन खोल्यांमधलं दार ओलांडलं की ओक म्हणजे काय हे नाकालाच समजतं, मी वर एवढं लिहिलंय ते सगळं तिथे दोन मिनिटांत होतं.

घरी पहिली संध्याकाळ

दोन्ही बाटल्या एकदम उघडा, चार-पाच जणांत संपतात. आधी वाइन नुसती घ्या, मग जेवणाबरोबर, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, लिंबू पिळावंसं वाटतंय का? वाटत असेल तर वाइन कमी आंबट पडतेय, पुढच्या वेळी जास्त कडक घ्या. तोंड आंबलं असेल तर शेनिनकडे या. वाइनवाल्यांच्या भाषेतले शब्द यावेच लागतात असं नाही, पेरू वाटला तर पेरू म्हणा, चुलत्यांच्या शेतातलं ओलं गवत वाटलं तर तसं म्हणा.

उरली तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दोन-तीन दिवस बरी राहते. त्यानंतर पिऊ नका पण ओतूही नका. कढईत तेल, ठेचलेला लसूण, एक हिरवी मिरची, धुतलेल्या तिसऱ्या, वरून उरलेली कोरडी वाइन वाटीभर, झाकण ठेवून मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, शिंपले उघडले की कोथिंबीर आणि खाली उतरवा, न उघडलेले टाकून द्या. खाली जो रस्सा उरतो तो पावाने पुसून खायचा.